बसलेला आवाज

मुसळं उचलून पाच सवाष्णी उभ्या होत्या आणि पहिली ओवी कुणी उचलायची यावरून घाणा अडला होता.

उखळात हळकुंडं पडली होती. मुसळांना आंब्याची पानं बांधून झाली होती. नवरी तारा पाटावर बसून वाट बघत होती. आमच्या रामनगरात लग्नाच्या आदल्या दिवशी असा घाणा भरतात. हळद कांडायची, कांडताना गायचं आणि गाण्यातून गावच्या सगळ्या देवांना लग्नाचं आवतण द्यायचं. एकीने ओवी उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. उभ्या बायकांची नजर सवयीने एकीकडे गेली आणि तितक्याच घाईने खाली वळली. ती म्हणजे ताराची आई रुक्मा. तिने मुसळ घट्ट धरलं होतं आणि ओठ त्याहून घट्ट मिटले होते.

"आये, तू उचल की," तारा म्हणाली.

रुक्माची नणंद यमुना लगेच पुढे झाली. यमुना खानापुरात दिलेली, पण भावाच्या घरचं कार्य म्हणजे कारभार आपलाच, असं तिचं जन्मापासूनचं मत. तिने पदर खोचला, खाकरली आणि स्वतःच सुरुवात केली.

घाणा भरू गे बायांनो, हळद पिवळी कांडू गे,
कोंडीवरल्या माउलीला पहिली अक्षत धाडू गे.

यमुनाच्या गाण्याबद्दल एवढंच सांगता येईल की, त्या दिवशी हळकुंडांपेक्षा सूर जास्त कुटला गेला. त्यात कोंडीवरल्या माउलीनंतर तिने थेट शिवेवरचा पाईक गाठला. मधला वडाखालचा राखणदार आवतणावाचून राहिला. रुक्माचं मुसळ क्षणभर हवेतच थांबलं. मग खाली आलं. ती काही बोलली नाही.

ती बोलायची नाही, हे सात वर्षांपासून ठरलेलंच होतं.

त्याआधी रुक्माशिवाय रामनगरात घाणा भरत नसे. आमची ही वस्तीच मुळी सुप्याच्या धरणाने उठवलेल्या लोकांची. गावं काळी नदीच्या पाण्याखाली गेली, देव तेवढे डोक्यावर घेऊन आम्ही इथे आलो. आणि पाण्याखालच्या त्या देवांची ठिकाणं क्रमाने सांगणारी ओवी रुक्माच्या गळ्यात होती. बारीक, उंच आवाज. तिने मांडवात ओवी उचलली की लाकडाच्या डेपोत तिचा नवरा पुंडलिक ओंडका खाली ठेवून म्हणायचा, "लागली बगा आमची." हे तो कौतुकाने म्हणायचा की कटकटीने, ते त्यालाच ठाऊक, पण ओंडका खाली ठेवायचा हे खरं.

गाणारी ही बाई दर महिन्याला मात्र अंथरुणात गोळा होऊन पडे. पोटात सुरी फिरवावी तसं दुखायचं, आणि रक्त थांबता थांबायचं नाही. तारा झाल्यावर पुन्हा कूस उजवली नाही ती त्यामुळेच. झाडपाला झाला, अंगारा झाला, शेवटी पुंडलिक तिला बेळगावला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. पिशवीच्या आतलं अस्तर बाहेरही वाढलंय, आणि दर महिन्याला तेही रक्त गाळतंय, असं त्यांनी सांगितलं. पिशवी काढायची, नाहीतर काही महिने गोळ्या घ्यायच्या. बाईच्या अंगात बाईपणाचे जे रस सुटतात, ते या गोळ्या अडवून धरतात. रस अडले की पाळी थांबते, पाळी थांबली की ते वाढलेलं अस्तर सुकून जातं.

रुक्माला आणखी एक मूल हवं होतं. तिने गोळ्या घ्यायचं ठरवलं. पण उठता उठता म्हणाली, "म्हंजे तुमी धरण बांधूलाल्यासा, बाई. धरण बांधलं की कायतरी बुडतंच."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी तिला परत बसवलं. वजन वाढेल, तोंडावर पुटकुळ्या येतील, ओठावर लव येईल, हे सगळं सांगितलं, आणि शेवटी बजावलं की आवाज बदलला तर गोळ्या तिथल्या तिथे बंद करायच्या आणि लगेच येऊन भेटायचं.

रुक्माने ते ऐकलं होतं. विसरलीही नव्हती.

गोळ्यांनी काम चोख केलं. पाळी थांबली, दुखणं गेलं. रुक्मा जाडावली, ओठावर लव दिसू लागली. पुंडलिक म्हणाला की मिशी आलीच आहे, तर डेपोत कामालाही ये. आणि मग चैत्र-वैशाख आला. लग्नसराईत रुक्माचा आवाज बसला. आता यात कुणाला काय वाटावं? आमच्याकडे वैशाखात जिचा आवाज बसत नाही, तिला त्या वर्षी कुणी लग्नाला बोलावलं नाही असं समजतात. रुक्माचा तर दर वर्षी बसायचा आणि मिरगाआधी उठायचा. तिने ज्येष्ठमध चघळला, मिरी चावली, गोळ्या वेळेवर घेतल्या आणि बसलेल्या आवाजाने उरलेली लग्नंही गायली. बायका म्हणाल्या, औंदा रुक्मानं लईच मनावर घेतलंय.

तो आवाज उठलाच नाही. आषाढात रोप लावताना चिखलात उभं राहून तिने सवयीने गाणं उचललं, आणि बांधापासून बांधापर्यंतच्या सगळ्या बायका पदर सावरत मागे वळून बघू लागल्या, की शेतात हा कोण बाप्या आला. बाप्या कुणीच नव्हता. रुक्मा रोपाची मूठ हातात धरून उभी होती. ती मूठ तिने लावली, पुढचीही लावली. त्या दिवशी परत तोंड मात्र उघडलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी गळा पाहिला. गळ्यातल्या तारा जाड झाल्या होत्या. गोळ्या बंद केल्यावर बाकी सगळं परत येईल, पण आवाजाचं सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

"मी तुला सांगितलं होतं ना, आवाज बदलला तर लगेच ये म्हणून?"

"बदलला कुठं, बाई?" रुक्मा त्या नव्या आवाजात म्हणाली. "बसला हुता."

बेळगावच्या दवाखान्यात 'बदलला' म्हणजे काय आणि रामनगरच्या मांडवात 'बसला' म्हणजे काय, या दोहोंच्या मधल्या फटीत रुक्माचा गळा गेला होता. त्यात चूक कुणाची काढायची?

वजन उतरलं. पुटकुळ्या गेल्या. पाळी परत आली, आणि दुखणं मात्र आलं नाही, ही देवाची आणि डॉक्टरीणबाईंची कृपा. मूल काही झालं नाही. हनुवटीवरचे चार केस राहिले, ते ती चिमट्याने काढायची. आणि आवाज राहिला तो राहिलाच.

लोंढ्याला तिकिटाच्या खिडकीशी गर्दीत मागून तिने पैसे पुढे केले आणि "खानापूरला जातो, एक द्या" म्हणाली, तर आतला कारकून मान वर न करता कानडीत म्हणाला, "तगो अण्णा." घे रे दादा. त्या बिचाऱ्याला तरी कसं कळावं? आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना येतो-जातो असंच म्हणतात. म्हणजे आवाजही बाप्याचा आणि बोलणंही बाप्याचं. ही गोष्ट पुंडलिकाने हसत हसत चार लोकांना सांगितली, आणि आठ दिवसांत पोरं तिला रुक्माण्णा म्हणू लागली. पुंडलिकाला त्याचा फार पस्तावा झाला. त्याने एका पोराच्या कानाखाली लावलीही, पण सुटलेलं नाव कुठे परत येतं?

मग रुक्मा बोलायचीच बंद झाली. घरात बोले, पण कुजबुजून. दुकानात बोटाने दाखवी. लग्नाला जाई, मुसळ धरी, ओवी मात्र दुसरीच कुणी उचले. तिला सगळ्यात जास्त कशाचं दुःख होतं, तर जुना आवाज तिला स्वतःला आठवेना याचं. तो कुणी टेपमध्ये भरून ठेवला नव्हता. एकदा गोठ्यात म्हशीची धार काढताना तिने डोळे मिटून आठवून पाहिला. आला नाही, आणि ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकून पोटभर रडली. रडण्याचाही आवाज जाडच आला.

ताराचं लग्न खानापूरकडच्या घरात ठरलं ते यमुनाच्या मध्यस्थीने. बोलणी करायला पाहुणे आले तेव्हा रुक्मा हसली, वाकली, पोहे दिले, पण एक शब्द बोलली नाही. विहीणबाई चौकस. त्यांनी विचारलं, मुलीच्या आईला बोलता येत नाही की काय? यमुनाला पटकन जे सुचलं ते ती बोलून गेली. म्हणाली, वयनीनं मौन धरलंय, लेकीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत बोलणार न्हाई, देवाला बोललीया. विहीणबाईंनी तिथेच हात जोडले. अशी आई असलेल्या घरातली मुलगी डोळे मिटून करावी, असं त्यांनी परत जाताना यमुनाला सांगितलं.

"आता तूच बग वयनी," पाहुणे गेल्यावर यमुना म्हणाली. "अक्षता पडूस्तोवर तोंड उघडलंस तर लगीन मोडंल. मग मला बोल लावायचा न्हाई."

रुक्माने मान डोलावली. तिला खोटं आवडलं नव्हतं, पण ताराचं घर तिला हवं होतं. गेली सात वर्षं गप्प राहिलो, आणखी दोन महिने काय जड आहेत, असा तिने विचार केला.

लग्नाच्या दिवशी सकाळी दोन्हीकडची मंडळी देवळात आली. मांडवात जाण्याआधी देवापुढे विडा ठेवून गाऱ्हाणं घालायचं, हा आमचा रिवाज. देऊळ लहान. गाभाऱ्यापुढे गाऱ्हाणं घालणारा, नवरा-नवरी आणि आरतीचं ताट घेतलेली आई एवढीच माणसं मावतात. बाकी सगळे बाहेर अंगणात. त्यांना आतलं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आतून एकेक मागणं मागायचं, आणि बाहेरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला होकार द्यायचा. होकार पडला की मागणं देवाने घेतलं. आणि अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं म्हणजे न घातल्यापेक्षा वाईट. अर्ध्या गाऱ्हाण्यावर लागलेल्या लग्नांच्या गोष्टी आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहेत.

गाऱ्हाणं घालायचे ते धाकलूकाका. जुन्या गावापासूनचे मानकरी. वय इतकं की ते स्वतःच दर वेळी वेगळं सांगत. त्यांनी विडा ठेवला, खांबाला हात टेकला आणि सुरुवात केली.

"बारा वाटंच्या, बारा वाड्यांच्या देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," अंगण म्हणालं.

"आज पुंडलिकाच्या लेकीचं लगीन तुज्या पायाशी..." आणि काकांना ढास लागली. ती थांबेचना. त्यांनी छाती धरली, खाली बसले, पाणी दिलं तर तेही बाहेर आलं. हाताने त्यांनी पुतण्याला बोलावलं. यशवंत, काकांमागे मान त्याचीच. तो आत आला. त्याने देवांची ठिकाणं घ्यायला सुरुवात केली. कोंडीवरली माउली म्हणाला, मग शिवेवरचा पाईक म्हणाला, मग चुकलं हे त्यालाच कळलं, परत माउलीवर आला आणि तिथेच अडकला.

बाहेरून "व्हय" आलं नाही. चुकलेल्या गाऱ्हाण्याला आमच्याकडे होकार देत नाहीत. अंगणात चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी मुहूर्ताची आठवण केली. विहीणबाई दाराजवळच उभ्या होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. ताराने आईचा पदर धरला.

रुक्माला पुढची ठिकाणं येत होती. का येणार नाहीत? घाण्याच्या ओवीत तीच ठिकाणं, त्याच क्रमाने. शिवाय प्रत्येक लग्नात ती अंगणात उभी राहून धाकलूकाकांचं गाऱ्हाणं ऐकत आली होती. तिने काकांकडे पाहिलं. काका ढाशीतून मान वर करू शकत नव्हते. तिने यशवंतकडे पाहिलं. तो घाम पुसत होता. मग तिने लेकीकडे पाहिलं. माझ्या तोंडाने लग्न मोडेल असं यमुना म्हणाली होती. पण इथे तर मुकाट्याने उभं राहूनच ते अर्धवट राहत होतं.

तिने आरतीचं ताट ताराच्या हातात दिलं.

"कोंडीवरल्या माउली म्हाराजा! वडाखालच्या राखणदारा, शिवेवरच्या पाईका म्हाराजा! पान्याखाली ऱ्हायलेल्या आनि आमच्यासंगं आलेल्या समद्या देवांनो म्हाराजा!"

त्या लहानशा देवळात तो आवाज घुमला. खालच्या पट्टीतला, जड, कुठेही न थरथरणारा. गाऱ्हाण्याला जसा हवा अगदी तसा. बाहेरच्यांना वाटलं, काकांना देवाने वाचा दिली. सगळं अंगण एका दमात म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

"लेकीचं लगीन तुज्या पायाशी आलंय. त्यात कायबी वाकडं असंल त्ये सरळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दोन्ही घरांस्नी खाया-ल्याया कमी पडू देऊ नगो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपतं. रुक्मा थांबली. पण सात वर्षं कोंडलेलं असं एका फटक्यात थोडंच संपतं? तिने श्वास घेतला आणि कुणाच्याही गाऱ्हाण्यात आजवर नव्हतं ते मागितलं.

"माजी लेक ज्या घरात जाईल, त्या घरात तिचं बोलनं ऐकलं जाऊ दे म्हाराजा! तिला कुनी गप बसवू नगो म्हाराजा!"

अंगणातल्या बायका क्षणभर थबकल्या असाव्यात. पण होकार आला, आणि या वेळचा सगळ्यात मोठा होता. "व्हय म्हाराजा!" त्यात वरपक्षही होता, आणि दाराशी उभ्या विहीणबाईही होत्या. सवयीचा होकार, तो तोंडातून गेला की गेला.

मग रुक्मा ताट घेऊन बाहेर आली. मागून नवरा-नवरी, त्यांच्या मागून यशवंतच्या खांद्यावर हात टाकलेले धाकलूकाका. काकांच्या तोंडातून अजून शब्द फुटत नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना एकदमच उमगलं. पोरांपैकी कुणीतरी हळूच "रुक्माण्णा" म्हणालं. हसायला मात्र कुणी धजलं नाही. यमुना तुळशीकट्ट्यावर बसली आणि तिने कपाळाला हात लावला.

वरपक्षातल्या एका म्हाताऱ्याने कुरकूर केलीच. बाईमाणसाने घातलेलं गाऱ्हाणं चालतं का, पुन्हा घालायला हवं, असं काहीसं तो म्हणू लागला. धाकलूकाकांनी हात वर केला, दम खाल्ला आणि मोठ्या कष्टाने बोलले.

"व्हय कुनी म्हनलं? तुमीच न्हवं? देवापुढं व्हय म्हनून आता न्हाई म्हन्तासा? म्हना बगू."

कोण म्हणणार?

विहीणबाई पुढे आल्या. सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे. यमुनाने तर डोळेच मिटून घेतले. विहीणबाईंनी रुक्माला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि सावकाश विचारलं, "मौन सुटलं म्हनायचं, विहीणबाई?"

रुक्मा आता कुजबुजली नाही. "मौन कवाच न्हवतं. आवाज असा झालाय गोळ्यांनी, सात वर्सं झाली. लाज वाटायची म्हनून गप हुतो. खोटं सांगितलं त्ये आमचं चुकलं."

विहीणबाईंनी गाभाऱ्याकडे वळून पाहिलं.

"माज्याकडनं लई मोठा व्हय घेतलासा तुमी," त्या म्हणाल्या. "आता सून बोलाय लागली की मला ऐकून घ्यावं लागनार. देवासमोर म्हनलोय." आणि हसल्या. "चला, अक्षता थांबल्यात."

पुंडलिक दोन्हीकडच्या पाहुण्यांना वाट करून देत होता. त्याने रुक्माजवळून जाताना पाठमोऱ्यानेच म्हटलं, "लागली बगा आमची." आणि पंच्याने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

त्या दिवशी रुक्मा दिवसभर बोलली. पंगतीत वाढणाऱ्यांना हाका मारल्या, वाजंत्र्यांना दटावलं, यमुनाला दोनदा गप्प बसवलं. ताराची पाठवणी झाली तेव्हा रडलीही मोठ्याने, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सुटा होत होता. रुक्मा रिकाम्या उखळातली हळदीची पूड पाण्याने धूत होती. उखळ पिवळं ते पिवळंच राहत होतं. तेवढ्यात यशवंत आला. धाकलूकाकांनी निरोप पाठवला होता, की ज्येष्ठात त्यांच्या नातीचं लग्न आहे, गाऱ्हाणं रुक्मानेच घालायचं.

रुक्माने तोंड उघडलं. नुसती हवा आली. कालच्या दिवसाने गळा पार धरला होता. यशवंत घाबरला, म्हणाला, "काकू, काय झालं?"

तिने गळ्याला ओला हात लावला. मग हसली, आणि त्या फुसफुशीतूनच त्याला म्हणाली, "आवाज बसलाय रं. उठंल चार दिसांत. काकास्नी सांग, येतो म्हनून."